गाईडनी सांगितलं म्हणून वर्गात फॉर्म भरून घेतले, हे एथिकल व्हायोलेशन आहे का?

तुमची पोस्ट नीट वाचली. मला जे कळलं ते आधी लिहिते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही एमए सायकॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. गाईडनी सांगितलं म्हणून एफवायच्या वर्गात पीएचक्यू-९ (डिप्रेशन मोजायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली) वाटली, लेक्चरच्या वेळात, त्यांचे सर समोर उभे असताना. मार्कांशी कोरिलेशन (संबंध) काढायचंय म्हणून फॉर्मवर नाव आणि रोल नंबर घेतलाय. कन्सेंट (संमती) घेतलेली नाही, आणि आता गाईड म्हणतात की सह्या नंतर घ्या आणि मागची तारीख टाका. नावांसकट एक्सेल शीट डिपार्टमेंटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे. आणि अगदी शेवटच्या ओळीत तुम्ही लिहिलंय की एका मुलाने नवव्या प्रश्नाला "जवळजवळ रोज" असं उत्तर दिलंय. तुमचं म्हणणं, मिलग्रॅमचा शॉकचा प्रयोग, लिटल अल्बर्ट नावाच्या बाळावरचा प्रयोग हे मोठे प्रकार झाले, आमच्या साध्या प्रश्नावलीने कुणाला काही होत नाही, मग याला व्हायोलेशन म्हणायचं की मी उगाच घाबरतेय.

उगाच नाही घाबरत आहात. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, प्रॅक्टिस करते आणि एका संस्थेच्या एथिक्स कमिटीवर बसते, विद्यार्थ्यांची प्रपोझल्स सतत हाताखालून जातात. पण एथिक्सची चर्चा नंतर, कारण तुमची शेवटची ओळ खरं तर पहिली असायला हवी होती.

त्या मुलाशी आज कुणीतरी बोलायला हवं. नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो, की मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार किती वेळा आले. "जवळजवळ रोज" वरची खूण म्हणजे निदान नाही, काही मुलं घाईत एकाच कॉलममध्ये खुणा करत जातात, काहींना प्रश्न कळलेला नसतो, पण हे सगळे अंदाज आपण घरी बसून करायचे नसतात, जाऊन विचारायचं असतं. कॉलेजला कौन्सेलर असेल तर त्यांना आत्ता फोन करा. नसेल तर जवळच्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टना किंवा सायकियाट्रिस्टना, आणि काहीच हाताशी नसेल तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, 14416, ती चोवीस तास चालते आणि कसं बोलायचं हे तुम्हीसुद्धा तिथे विचारू शकता. मुलाला वर्गातून नाव पुकारून बोलवायचं नाही. एकट्याला, शांतपणे, सरळ शब्दांत विचारायचं की तू असं लिहिलं होतंस, अजून तसं वाटतं का, काही करायचं ठरवलं आहेस का. असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही भीती लोकांना वाटते पण तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं याचाच आधार वाटतो. त्याने काही ठरवलेलं असेल किंवा साधन जवळ असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, घरच्यांना बोलवून थेट हॉस्पिटल. गोपनीयता मोडते का, तर हो, थोडी मोडते, पण जिवाचा प्रश्न असतो तेव्हा ती मोडायची असते, आणि हे फॉर्म वाटायच्या आधी सांगायला हवं होतं की एवढ्या एका बाबतीत मी गप्प बसणार नाही.

हे वाचून झाल्यावर आधी तो फोन करा, पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.

आता तुमचा मूळ प्रश्न. तुम्ही आणि तुमचे गाईड दोघंही "इजा झाली का" या एकाच काट्यावर सगळं तोलताय. इजा महत्त्वाची आहेच. पण कमिटीवर कुठलंही प्रपोझल आलं की मी आधी शोधते ती दुसरी गोष्ट, की समोरच्या माणसाला नाही म्हणता येणार आहे का. कागदावर नाही, प्रत्यक्षात, त्या खोलीत, त्या क्षणी, ज्याच्या हातात त्याचे मार्क किंवा जेवण किंवा हजेरी आहे त्या माणसाच्या देखत. सायकॉलॉजीतली जी बदनाम प्रकरणं आहेत ती या नजरेने परत वाचा, मशीन आणि व्होल्ट बाजूला पडतात आणि तुमचा वर्ग दिसायला लागतो.

तुम्ही म्हणता आमचं काय, साधं डेझर्टेशन. मग एका साध्या डेझर्टेशनचीच गोष्ट सांगते. 1939 साल, अमेरिकेतलं आयोवा राज्य. आयोवा युनिव्हर्सिटीत वेंडेल जॉन्सन नावाचे स्पीचचे नामवंत अभ्यासक होते, स्वतः लहानपणापासून तोतरे बोलायचे, आणि त्यांचं म्हणणं असं की मूल तोतरं होतं त्यात आजूबाजूच्या लोकांनी त्याला तोतरं ठरवण्याचा मोठा वाटा असतो. हे तपासायचं काम त्यांनी आपल्या एका मास्टर्सच्या विद्यार्थिनीला दिलं, मेरी ट्यूडर तिचं नाव. डेव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातली 22 मुलं निवडली. त्यातली 10 आधीपासून अडखळणारी होती, 12 नीट बोलणारी. त्या 12 पैकी 6 जणांना, म्हणजे ज्यांचं बोलणं व्यवस्थित होतं अशांना, पुन्हा पुन्हा सांगण्यात आलं की तुझ्या बोलण्यात दोष आहे, तू तोतरा होत चाललायस, नीट जमत नसेल तर बोलूच नकोस. आश्रमातल्या लोकांनाही तसंच भासवलं, म्हणजे तेही दिवसभर त्या मुलांना टोकत राहिले. काही महिन्यांत ती मुलं बोलायला कचरायला लागली, काहींचा अभ्यास मागे पडला. नंतर ज्यांनी तो डेटा परत तपासला त्यांचं म्हणणं की त्यातून तोतरेपणा तयार झाला असं दिसतच नाही, म्हणजे जे सिद्ध करायचं होतं तेही झालं नाही. पण मुलांचा आत्मविश्वास गेला तो गेला. ट्यूडर नंतर आश्रमात परत जाऊन मुलांना समजावत राहिली, तेवढ्याने ते भरून निघालं नाही. थीसिस युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत राहिला, जॉन्सननी तो कधी छापला नाही, आणि 2001 साली एका वर्तमानपत्राने ते बाहेर काढल्यावर युनिव्हर्सिटीने माफी मागितली. 2007 मध्ये राज्याला नुकसानभरपाई द्यावी लागली, तोपर्यंत ती मुलं म्हातारी झाली होती आणि काही हयातही नव्हती.

मी एमएच्या मुलांना हे प्रकरण मिलग्रॅमच्या आधी सांगते. कारण यात सगळं तुमच्या ओळखीचं आहे. मोठे गाईड, त्यांची आवडती थिअरी, मास्टर्सची मुलगी, सबमिशन, आणि सहज मिळणारे पार्टिसिपंट. अनाथ मुलंच का निवडली, तर त्यांच्या वतीने नको म्हणणारं घरचं कुणी नव्हतं. आश्रमाने परवानगी दिली की झालं. आपल्याकडे रिसर्चला एफवायचा वर्ग, आश्रमशाळा, हॉस्टेल, वृद्धाश्रम, रिमांड होम हीच ठिकाणं वारंवार का येतात याचा विचार करा. तिथे एका माणसाने मान डोलावली की सगळे मिळतात.

मिलग्रॅमचं तुम्ही पुस्तकात वाचलंयच म्हणून प्रयोग सविस्तर सांगत नाही (समोरच्याने चुकीचं उत्तर दिलं की त्याला वाढत्या व्होल्टचा शॉक द्या, असं तिथे सांगायचे), फक्त एक धागा काढते. 1961 मध्ये येल युनिव्हर्सिटीत आलेल्या लोकांना 4 डॉलर आणि वर 50 सेंट गाडीभाडं मिळायचं, आणि सुरुवातीलाच सांगायचे की हे पैसे फक्त इथे आल्याबद्दल आहेत, पुढे काहीही झालं तरी ते तुमचेच. म्हणजे नियमाने बघायला गेलं तर माणूस पाचव्या मिनिटाला उठून जाऊ शकत होता. पण तो थांबायला लागला की कोट घातलेला प्रयोगकर्ता ठरलेली चार वाक्यं एकापुढे एक म्हणायचा, कृपया पुढे चालू ठेवा इथपासून ते तुमच्यापुढे दुसरा पर्याय नाही, पुढे जायलाच हवं इथपर्यंत. ज्या मांडणीचे आकडे सगळीकडे छापतात त्यात 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. शॉक खोटे होते, घाम आणि थरथर खरी होती. पेपर 1963 ला आला आणि दुसऱ्याच वर्षी सायकॉलॉजिस्ट डायना बॉमरिंड यांनी टीका लिहिली, तिचा गाभा मला आजही पटतो, की लॅबमध्ये आलेला माणूस अनोळखी जागी असतो, रिसर्चरवर भरवसा टाकून बसलेला असतो, इथे आपल्याशी कुणी वाईट वागणार नाही हे तो धरूनच चालतो, आणि त्याच भरवशाचा वापर त्याच्याविरुद्ध केला गेला. मिलग्रॅमनी उत्तर दिलं की नंतर विचारलं तेव्हा 84 टक्के लोकांनी भाग घेतल्याचा आनंदच आहे असं सांगितलं. मला हे उत्तर पुरत नाही. नंतर बरं वाटणं आणि तेव्हा विचारलेलं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय लेखिका जिना पेरी यांनी जुने कागद आणि टेप्स तपासून दाखवलंय की बऱ्याच जणांना त्या दिवशी पूर्ण खरं न सांगताच घरी पाठवलं होतं, सगळा खुलासा पुढे टपालाने गेला. मधले महिने त्या माणसांनी काय डोक्यात घेऊन काढले असतील.

आणि कन्सेंट फॉर्म व कमिटीची परवानगी असली की सुटलो असंही नाही, हे स्टॅनफर्डच्या तुरुंगाच्या प्रयोगाने दाखवून दिलं. ऑगस्ट 1971, 24 तरुण निवडले, खोट्या तुरुंगात काहींना कैदी आणि काहींना गार्ड केलं, दिवसाला 15 डॉलर, सह्या घेतलेल्या होत्या, युनिव्हर्सिटीच्या समितीने मंजुरीही दिली होती. पण मुख्य संशोधक फिलिप झिम्बार्डो स्वतःच तुरुंगाचे सुपरिंटेंडेंट होऊन बसले. 8612 नंबरचा कैदी झालेला मुलगा जेव्हा अस्वस्थ होऊन बाहेर पडायचं म्हणायला लागला, तेव्हा ते रिसर्चर म्हणून बोलले नाहीत, सुपरिंटेंडेंट म्हणून बोलले, गार्ड तुला त्रास देणार नाहीत, बदल्यात तू आम्हाला आतली माहिती दे. तो परत गेला आणि बाकीच्यांना सांगितलं की इथून बाहेर पडता येत नाही. त्याला पुढे सोडलं, पण ते वाक्य आत पसरायचं ते पसरलं. दोन आठवड्यांचा प्रयोग सहा दिवसांत बंद झाला, तोही सायकॉलॉजिस्ट क्रिस्टिना मास्लाक यांनी येऊन बघितलं आणि हे काय चालवलंय असं तोंडावर विचारलं म्हणून. एकाच माणसाकडे दोन टोप्या असल्या की पार्टिसिपंटला कळतच नाही आपण कुणाला नाही म्हणतोय. तुमच्या वर्गात जे सर उभे होते तेच इंटर्नलचे मार्क देतात ना?

लिटल अल्बर्टवर फार लिहीत नाही. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी एका तान्ह्या बाळाला पांढऱ्या उंदराची भीती घातली आणि ती काढायच्या आधीच ते बाळ हॉस्पिटलमधून निघून गेलं, जाणार हे माहीत असूनही. तिथे चर्चेला फारसं काही नाही, चूक उघडी आहे. बारकाईने बघावी लागतात ती बाकीची, जिथे वरवर सगळं रीतसर दिसतं.

तुम्ही असंही विचारलंय की मुलांनी फॉर्म भरला यातच कन्सेंट आली की. हाच युक्तिवाद फेसबुकच्या वेळी झाला होता. जानेवारी 2012 मध्ये एक आठवडा 6,89,003 लोकांच्या फीडमधल्या आनंदी किंवा दुःखी पोस्ट कमी-जास्त करून त्यांच्या स्वतःच्या पोस्ट बदलतात का हे बघितलं, आणि 2014 मध्ये पेपर छापून आला तेव्हा स्पष्टीकरण असं की अकाउंट उघडताना अटी मान्य केल्याच होत्या. त्यावर इतका गदारोळ झाला की छापणाऱ्या जर्नललाच चिंता व्यक्त करणारी टीप काढावी लागली. कशाला होकार देतोय हे माहीत नसताना दिलेला होकार धरता येत नाही. तुमच्या मुलांना वाटलं असणार की सरांनी काहीतरी भरायला दिलंय, हजेरीसारखं. मार्कांशी जोडणार हे त्यांना कळलं होतं का?

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. एफवायची बरीच मुलं अठराच्या आतली असू शकतात, त्यांच्यासाठी पालकांची संमती आणि मुलाचा स्वतःचा होकार दोन्ही लागतात, नुसती मुलाची सही चालत नाही. तुमच्या कॉलेजला एथिक्स कमिटी आहे का हे पोस्टमध्ये नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्याशी संबंधित सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधन स्पष्टपणे येतं, आणि डिप्रेशन मोजणं त्यात बसतं. स्वतःची कमिटी नसेल तर दुसऱ्या संस्थेच्या कमिटीशी करार करून तिच्याकडे प्रपोझल पाठवता येतं, बरीच कॉलेजं जवळच्या मेडिकल कॉलेजकडे जातात. त्या कमिटीत वकील, समाजशास्त्रातलं कुणी आणि एक सामान्य माणूसही असतो, आणि अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो, ते याचसाठी की आतल्या माणसाला आतल्या माणसाला थांबवणं जड जातं. पण मागच्या तारखेची परवानगी कुणी देणार नाही, आमच्याकडे आलं तर आम्हीही देत नाही.

म्हणजे हातातल्या फॉर्मचं काय करायचं. माझ्या मते स्वच्छ मार्ग एकच, हा डेटा डेझर्टेशनमध्ये वापरायचा नाही आणि परवानगी घेऊन नव्याने गोळा करायचा. तुमची कमिटी किंवा विभाग कदाचित म्हणेल की मुलांकडे परत जा, सगळं सांगा, आजच्या तारखेने विचारा आणि जे नको म्हणतील त्यांचे फॉर्म नष्ट करा. तसं लेखी मिळालं तर तेही चालू शकतं, पण मग थीसिसमध्ये जसं घडलं तसं लिहावं लागेल. मागच्या तारखेच्या सह्या मात्र कुठल्याही परिस्थितीत नाही. ती फक्त एथिक्सची चूक राहत नाही, ते खोटे कागद होतात आणि त्यावर सही तुमची असते. डच सायकॉलॉजिस्ट डीडरिक स्टापेल यांचं प्रकरण 2011 मध्ये उघड झालं, ते डेटाच बनवायचे आणि आपल्या पीएचडीच्या मुलांना विश्लेषणासाठी द्यायचे. पन्नासहून जास्त पेपर मागे घेतले गेले, आणि ज्या मुलांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्या थीसिसवरही कायमचं प्रश्नचिन्ह लागलं. ते उघड केलं कुणी, तर तिथल्याच तीन तरुण संशोधकांनी.

शीट ग्रुपवरून आजच काढायला सांगा, सगळ्यांसाठी डिलीट होत नसेल तर ग्रुपमधल्या प्रत्येकाला फोनमधली कॉपी काढायला सांगा. नावं एका फाइलमध्ये, उत्तरं दुसऱ्या, जोडणारा कोड फक्त तुमच्याकडे, फाइलला पासवर्ड.

नव्याने करताना काही गोष्टी सोप्या आहेत. फॉर्म वाटायला त्यांना न शिकवणारं कुणीतरी जावं आणि वर्गशिक्षक बाहेर असावेत. सगळ्यांनी फॉर्म पेटीत टाकायचा, भरलेला किंवा कोरा, म्हणजे कुणी नाही म्हटलं ते बेंचवरच्या शेजाऱ्यालाही कळत नाही. मला विचाराल तर कन्सेंट फॉर्मच्या चार पानांपेक्षा ही पेटी जास्त काम करते. मार्क हवे असतील तर मुलांनाच लिहायला सांगा आणि नावाऐवजी त्यांनीच बनवलेला कोड घ्या. मात्र निनावी फॉर्म घेतला की नवव्या प्रश्नाला "जवळजवळ रोज" लिहिणाऱ्या मुलापर्यंत तुम्ही पोचू शकणार नाही, म्हणून दोनातलं एक आधीच ठरवा. एक तर तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-८ वापरा, ती सर्व्हेसाठी सर्रास वापरली जाते आणि तुमच्या कोरिलेशनला पुरेल. नाहीतर ओळख ठेवा, गोपनीयतेची मर्यादा आधी सांगा, फॉर्म त्याच दिवशी संध्याकाळच्या आत तपासा आणि कौन्सेलर तयार ठेवा. आठवडाभर फॉर्म कपाटात पडून राहणार असतील तर तो प्रश्न विचारायचा तुम्हाला अधिकार नाही, हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण त्याने खरं लिहिलेलं असतं आणि कुणीतरी वाचेल असं त्याला वाटत असतं.

गाईडशी कसं बोलायचं हाच खरा अवघड भाग, कारण तुम्हालाही त्यांना नाही म्हणता यायला हवं आणि तुमचे मार्क त्यांच्याकडे आहेत. आरोप करू नका. नवव्या प्रश्नावरून सुरुवात करा, सर, एका मुलाचं असं उत्तर आलंय, आपण त्याच्यापर्यंत पोचलो नाही आणि काही झालं तर आपल्या दोघांचं नाव त्या फॉर्मवर आहे. बहुतेक गाईड इथे थांबतात, ते वाईट नसतात, त्यांनी स्वतः असंच शिकलेलं असतं. मग नवीन प्लॅन कागदावर घेऊन जा, पीएचक्यू-८, कोड, पेटी, तारखा, म्हणजे त्यांना फक्त हो म्हणायचं उरेल. बोलणं झालं की त्याच दिवशी एक साधा ईमेल टाका, आपलं असं ठरलं म्हणून. तरीही मागच्या तारखेच्या सह्यांचा आग्रह असेल तर एचओडींकडे लेखी जा, आणि एकट्या जाऊ नका, तुमच्या बॅचमध्ये याच पद्धतीने फॉर्म घेतलेले अजून कुणी नक्की असतील.

सबमिशनची तारीख कधी आहे, मुलं किती आणि त्यातली अठराच्या आतली किती, आणि कमिटी आहे का एवढं कळवा, वेळ कमी असेल तर छोट्या सॅम्पलवर काय बसवता येईल ते लिहिते. कॉलेजचं किंवा त्या मुलाचं नाव मात्र इथे टाकू नका.